दिवस मोजणारी माणसं

श्रोतेहो, २०२० सालचा रमजान आमच्या घरात कुणी विसरणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चंद्र दिसला, तेव्हा टाळेबंदीला महिना झाला होता. मशिदीला कुलूप होतं. तरावीहची नमाज यंदा घरीच पढा, असा मौलानांचा निरोप आला. तरावीहमध्ये रोज रात्री कुराणाचं पठण करायचं असतं, आणि आमच्या घरात हाफिज कुणी नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. उमर कविता करण्यात गेली. मला पाठ असलेल्या सुरा म्हणजे बोटांवर मोजण्याएवढ्या. मशिदीत मागच्या ओळीत उभं राहायची सवय असलेल्या मला घरातल्यांनी पुढं उभं केलं. मी घाबरलो. तेव्हा अम्मी म्हणाली, "येतात तेवढ्या लहान सुरा म्हण. अडलास तर मागून मी सांगते." ती ऐंशीच्या घरातली. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ती रोज एका तारखेला पेनानं खूण करायची आणि मोठ्यानं सांगायची, आज कितवा रोजा ते. मशीद बंद होती, म्हणून दिवस मोजायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं.

त्याच दिवसांत वसईच्या एका मित्राचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक आहेत, धर्मानं ख्रिस्ती, आणि मराठी कवितेचे चांगले वाचक. त्यांचा गुड फ्रायडे आणि ईस्टरही त्या वर्षी घरातच झाला होता. मी माझी अडचण सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "अहो कवी, तुम्हाला एका महिन्याची काळजी पडलीय. जपानमध्ये आमच्या लोकांनी पाद्री नसताना सव्वादोनशे वर्षं काढली. आणि त्या गोष्टीत आमच्या वसईचा एक माणूस आहे, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. टाळेबंदीत वेळच वेळ होता. मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एक प्रश्न मनात घर करून बसला. वसईतला एक मराठी बोलणारा मास्तर जपानमधल्या तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांना 'आमची माणसं' म्हणतो आणि त्यांच्या आठवणीनं त्याला धीर येतो. हा धीर एका माणसाकडून दुसऱ्याकडं जातो तरी कसा? आज त्याच गोष्टीविषयी बोलायचं आहे.

वसईचा किल्ला आपल्याला आठवतो तो चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला म्हणून. त्याआधी १५३४ पासून दोनशे वर्षं तिथं पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात, १५५७ च्या सुमारास, वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असं परंपरा सांगते. वसईत जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला आणि मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्यानं अशी आत्मसात केली, की लोक त्याचं बोलणं ऐकायला येत.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोहोचला होता तोही आपल्या किनाऱ्यावरून. अंजिरो नावाचा एक जपानी माणूस मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी झेवियर त्यालाच सोबत घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधल्या कागोशिमा बंदरात उतरला. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत क्युशू बेटावर, विशेषतः नागासाकीच्या आसपास, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. काही सरदारांनी धर्म स्वीकारला तो श्रद्धेपोटी, काहींनी पोर्तुगीज जहाजांच्या व्यापारापोटी. प्रजेला विचारलं गेलं असेलच असं नाही. हे सांगायला हवं, कारण पुढं जे टिकले ते सरदार नव्हते. टिकली ती प्रजा.

गोन्सालोला जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही. काही वर्षं त्यानं व्यापार केला, चांगला पैसा मिळवला, आणि मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात तो साधा ब्रदर झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री जपानला निघाले, तेव्हा दुभाष्या म्हणून त्याला घेतलं गेलं. तिथं सत्ता होती तोयोतोमी हिदेयोशीची. परकीय धर्माच्या मागून परकीय फौजा येतात, असा संशय त्याच्या मनात होताच, आणि तो अगदीच अनाठायी होता असं गोव्याचा इतिहास जाणणारा माणूस म्हणणार नाही. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यावरून जो तंटा वाढला, त्यात हा संशय पेटला. क्योटो आणि ओसाकामधून चोवीस ख्रिस्ती लोकांना पकडण्यात आलं. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून बैलगाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडं चालवत नेण्यात आलं. हा प्रवास जवळपास महिनाभराचा होता.

निघाले चोवीस आणि पोहोचले सव्वीस, ही यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. कैद्यांची देखभाल करावी, काही हवं-नको पाहावं म्हणून दोन जण वाटेत त्यांच्यासोबत चालत होते. एकाला वडीलधाऱ्या पाद्र्यांनी पाठवलं होतं, दुसरा एक सुतार होता, आपणहून निघालेला. वाटेत पहारेकऱ्यांनी त्या दोघांनाही कैद्यांत सामील करून टाकलं. त्यांनी हरकत घेतली नाही. कैद्यांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. वाटेत त्यानं आईला पत्र लिहिलं. बाप त्याच्यासोबतच चालत होता, आणि ते पत्र पुढं बापाच्या कपड्यांत सापडलं. सर्वांत लहान होता लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. धर्म सोडलास तर सोडून देतो, असं अधिकाऱ्यानं सांगितलं, तरी तो बधला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना ओळीनं क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यांतला एक आपल्या वसईचा गोन्सालो. वय चाळीसच्या आसपास.

असल्या कथांची मला एक भीती वाटते. सगळ्याच धर्मांत त्या आहेत. शूरांच्या गोष्टी ऐकून आपल्यासारख्या साध्या माणसाला कधीकधी धीर येण्याऐवजी लाज वाटते. आपल्याला कुठं असं मरता येणार? म्हणून मला निशिझाकाच्या टेकडीपेक्षा पुढचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण तो साध्या माणसांचा आहे, आणि त्यांतली बरीचशी शूर नव्हती.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीनं ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण देशात बंदी घातली. तेव्हा जपानमध्ये तीनेक लाख ख्रिस्ती असावेत, असा अंदाज केला जातो. पाद्री हाकलले गेले, लपून राहिलेले पकडले गेले. १६३७-३८ मध्ये शिमाबारा भागात करांच्या जाचानं आणि धर्माच्या छळानं गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, ते हजारोंच्या कत्तलीनं संपलं. १६४४ मध्ये देशातल्या शेवटच्या पाद्र्याचा मृत्यू झाला. त्यानंतर कुणी उरलं नाही.

बंदी राबवण्याची पद्धत बारकाईची होती. प्रत्येक कुटुंबानं बौद्ध मंदिरात नाव नोंदवून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घ्यायचा. पाच-पाच घरांचा एक गट, एका घरात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरं जबाबदार. चव्हाट्यावर फलक लावलेले, त्यांवर खबर देणाऱ्याला किती चांदी मिळेल ते लिहिलेलं. आणि दरवर्षी नागासाकी भागात एक कार्यक्रम असे. येशू किंवा मेरीचं चित्र कोरलेली पितळी पाटी जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकानं तिच्यावर पाय देऊन पुढं जायचं. या पाट्यांना 'फुमिए' म्हणतात. त्यांतल्या काही आजही संग्रहालयांत आहेत. इतक्या पावलांनी त्या घासल्या गेल्या आहेत, की चेहऱ्यांची नाकं-डोळी पुसून गेली आहेत.

मी इथं थोडा थांबलो, कारण मला दुसरा एक देश आठवला. १६१४ हेच साल स्पेनच्या इतिहासातही आहे. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडल्यावर तिथल्या मुसलमानांना सक्तीनं ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना 'मोरिस्को' म्हणत. शंभर वर्षं ते घराच्या आत लपून नमाज पढत राहिले. ओरानच्या एका मुफ्तींनी १५०४ मध्ये त्यांना फतवा पाठवला होता. सक्ती झाली तर तोंडानं म्हणा, मूर्तीपुढं वाका, पण मनात अल्लाचं नाव असू द्या. दिवसा नमाज जमली नाही तर रात्री पढा, खुणेनं पढा. एवढी दया दाखवणारा तो कागद आहे. पुढं १६०९ ते १६१४ या काळात या लोकांनाही स्पेनमधून हाकलण्यात आलं. तो आकडाही तीनेक लाखांचाच सांगतात. एकाच साली जगाच्या एका टोकाला ख्रिस्ती राजा मुसलमानांना हाकलून मोकळा होत होता आणि दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती माणसांवर तीच वेळ येत होती. आपल्या शेजारी गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. छळणारा आणि छळला जाणारा यांचा धर्म जागेप्रमाणं बदलतो, हे एकदा ध्यानात आलं की दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट परकी राहत नाही. निदान माझी तरी राहिली नाही.

आता पुन्हा नागासाकीकडं जाऊ. शहराच्या उत्तरेला उराकामी नावाचं शेतकऱ्यांचं गाव होतं. तिथल्या लोकांनी पाद्र्यांशिवाय धर्म टिकवण्यासाठी एक साधी व्यवस्था लावली होती. गावाचा एक प्रमुख. त्याला म्हणत 'चोकाता', म्हणजे वही सांभाळणारा. त्याच्याकडं सणवारांची दिनदर्शिका असे. नाताळ कधी, उपासाचा काळ कधी सुरू होतो, कुठल्या दिवशी काम करायचं नाही, हे तो जपानी पंचांगाशी ताडून काढायचा. दुसरा 'मिझुकाता', म्हणजे पाण्याचं काम पाहणारा. जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा देणं हे त्याचं काम. पाद्री नसला तर साध्या माणसानं दिलेला बाप्तिस्माही चालतो, अशी चर्चची शिकवण आहे, ती त्यांनी लक्षात ठेवली होती. तिसरा 'किकियाकु'. त्यानं चोकाताकडून तारखा ऐकायच्या आणि वाड्यावस्त्यांवर जाऊन घरोघर सांगायच्या. दिवस मोजणारा, पाणी घालणारा आणि निरोप्या. दिवसा तिघंही भातशेती करणारे.

त्यांच्या प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत. हा मूळ लॅटिन शब्द. बापानं मुलाला तोंडी शिकवायच्या, कुठं लिहून ठेवायच्या नाहीत. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्द पिढ्यान् पिढ्या एकमेकांत मिसळत गेले. म्हणणाऱ्याला अर्धे शब्द कळत नसत, पण उच्चार सोडायचा नाही. मला हे समजायला अवघड गेलं नाही. आमच्या अम्मीला अरबी येत नाही, पण तिच्या तोंडची सुरा चुकत नाही. मुलाला कुशीत घेतलेल्या कान्नोन या बौद्ध देवतेच्या पांढऱ्या मूर्ती घरात असत. पाहणाऱ्याला ती कान्नोन, घरच्यांना ती मेरी. घरात मयत झालं की बौद्ध भिक्खू येऊन मंत्र म्हणणार, त्याला इलाज नव्हता. तेव्हा शेजारच्या खोलीत बसून काही जण हळू आवाजात आपली प्रार्थना म्हणत, त्या मंत्रांचा परिणाम पुसला जावा म्हणून.

आणि फुमिए? वर्षातून एकदा पाय द्यावाच लागे. बहुतेकांनी दिला. दिला नसता तर पाच घरं गेली असती. पण त्यांच्याकडं 'कोन्चिरिसान' नावाची एक प्रार्थना होती. पश्चात्ताप या अर्थाचा पोर्तुगीज शब्द जपानी तोंडात असा झाला. पाप कबूल करून घ्यायला पाद्री नसेल, तर मनापासून पश्चात्ताप केलास तरी देव क्षमा करतो, असं सांगणारी पुस्तिका पाद्री असतानाच, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाली होती. पाटीवर पाय देऊन आलेली माणसं घरी ही प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा पाय, पुन्हा पश्चात्ताप.

श्रोतेहो, या लोकांची गणना हुतात्म्यांत होत नाही. पण विचार करा. घरातला म्हातारा सकाळी पाटीवर पाय देऊन आला आहे आणि रात्री खाली मान घालून क्षमा मागतो आहे, हे नातू पाहतो आहे. आजोबा कच्चे आहेत हे त्याला दिसतं, आणि कच्चे असूनही त्यांनी सोडलेलं नाही हेही दिसतं. मला वाटतं, त्या मुलाला निशिझाकाच्या सव्वीस जणांपेक्षा या आजोबांनी जास्त धीर दिला असेल. शूर माणसाकडं आपण मान वर करून पाहतो. पडून उठणाऱ्याच्या मागून आपल्याला चालता येतं.

त्यांच्यात एक भाकीतही चालत आलेलं होतं. बास्तियान नावाच्या एका जपानी उपदेशकानं मरण्याआधी सांगितलं होतं म्हणे, की सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून पाद्री येतील आणि उघड्या रस्त्यानं गाणी म्हणत चालता येईल. एक पिढी वाट पाहणं आपण समजू शकतो. सात पिढ्या वाट पाहायची तर ती वाट मुलाच्या स्वाधीन करून जावी लागते.

१८५० नंतर जपाननं परदेशी जहाजांना बंदरं उघडली. नागासाकीत राहणाऱ्या फ्रेंच लोकांसाठी ओउरा इथं एक चर्च बांधण्यात आलं. फक्त परदेशी लोकांसाठीच, जपान्यांना बंदी कायम होती. हे चर्च अर्पण केलं होतं त्या सव्वीस हुतात्म्यांना. १८६२ मध्ये रोमनं त्यांना संतपद दिलं होतं, म्हणजे वसईचा गोन्सालोही आता संत झाला होता. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी चर्चच्या दाराशी पंधराएक माणसं घुटमळत होती. फादर बर्नार्ड प्तितजाँ यांनी दार उघडलं आणि ते वेदीपुढं प्रार्थनेला गुडघे टेकून बसले. एक बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. छातीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग तिनं विचारलं, सान्ता मारियाची मूर्ती कुठं आहे? ही माणसं उराकामीची होती. सव्वादोनशे वर्षांनी त्यांना पाद्री भेटला होता.

मूर्तीपुढं उभी राहून ती आपापसांत बोलू लागली. कडेवर बाळ आहे, तेव्हा हीच ती. बोलता बोलता त्यांनी पाद्र्याला सांगितलं, की सध्या आमचा दुःखाचा काळ सुरू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस. तुम्हीही तो पाळता का?

हे वाचून मी कॅलेंडरचं गणित करून पाहिलं. १८६५ चा ईस्टर १६ एप्रिलला होता. त्यावरून उपासकाळ सुरू होतो १ मार्चला. १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस येतो. इतक्या पिढ्या, इतके छापे, वही सांभाळणारे तुरुंगात गेलेले, आणि रोमपासून हजारो कोसांवरच्या भातशेतीत एका दिवसाचीही चूक झाली नव्हती. मी ते गणित अम्मीला समजावून सांगितलं. तिनं कॅलेंडरवरच्या आपल्या खुणांकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बायकांनी मोजले असतील."

गोष्ट इथं संपली असती तर फार गोड झाली असती. पण बंदी उठली नव्हती. पाद्री भेटल्यावर उराकामीच्या लोकांना आता लपणं नको झालं. त्यांनी आपल्या मयतांसाठी बौद्ध भिक्खूला बोलावणं बंद केलं. १८६७ च्या जुलैमध्ये रात्री धाड पडली, साठ-सत्तर जणांना पकडून नेलं. हातपाय पाठीमागं एकत्र बांधून टांगणं, वरून मारणं, पाणी ओतणं. पकडलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी धर्म सोडल्याचं कबूल केलं. टिकला तो ताकागी सेनएमोन हा शेतकरी. मोठा वक्ता नाही की नेता नाही. त्याला नमवता आलं नाही, एवढंच.

सुटलेली माणसं घरी आली, पण घरात त्यांना चैन पडेना. पुढं सेनएमोनही परतला. त्यानं कुणाला दोष दिल्याचं कुठं वाचायला मिळत नाही. पण तो टिकला, एवढ्यानंच बाकीच्यांचं मन पालटलं. एकामागून एक माणसं गावच्या मुखियाच्या घरी गेली आणि म्हणाली, आम्ही मारापोटी शब्द दिला होता, तो परत घ्या. जीव वाचवणारा शब्द त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन परत केला. शेजारच्याच्या श्रद्धेतून धीर मिळणं म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. एकाचा टिकाव सगळ्यांना पुरला.

राज्य बदललं, मेजी सरकार आलं, पण बंदी तशीच राहिली. १८६८ ते १८७० या काळात उराकामीतल्या तीन हजारांहून अधिक माणसांना, बायकापोरांसह, पश्चिम जपानात ठिकठिकाणी हद्दपार करण्यात आलं. गाव ओस पडला. सेनएमोनला पाठवलं त्सुवानो या डोंगरातल्या गावी. तिथं गोठलेल्या तळ्यात बुडवणं, जेमतेम तीन फुटांच्या पिंजऱ्यात बर्फात ठेवणं, असे प्रकार झाले. त्सुवानोतच तीसहून अधिक माणसं मेली. सगळीकडं मिळून सहाशेहून अधिक. सुमारे हजार जणांनी पुन्हा धर्म सोडल्याचं लिहून दिलं. त्यांनाही कमी लेखायचं कारण नाही. भुकेल्या लेकराकडं पाहून सही करणाऱ्या आईला कोण काय म्हणणार?

१८७३ मध्ये बंदीचे फलक उतरवण्यात आले. पाश्चात्त्य देशांचा दबाव हे त्यामागचं मोठं कारण. माणसं परतली तेव्हा घरं पडलेली, शेतं गवतानं भरलेली. ज्यांनी सह्या केल्या होत्या आणि ज्यांनी केल्या नव्हत्या, त्यांना त्याच गावात शेजारी राहायचं होतं. या पाच वर्षांच्या हद्दपारीला उराकामीच्या लोकांनी नाव दिलं 'ताबी'. या जपानी शब्दाचा अर्थ प्रवास. छळ नाही, शिक्षा नाही, प्रवास. आपला वारकरी चालण्याला वारी म्हणतो, हाजी हजचा सफर म्हणतो, तसं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

परतल्यावर दुसऱ्याच वर्षी गावात आमांशाची साथ आली. इवानागा माकी ही पंचविशीची मुलगी नुकतीच हद्दपारीतून आली होती. फादर द रोट्झ यांच्या मदतीनं ती आणि तिच्या मैत्रिणी आजाऱ्यांची सेवा करत घरोघर हिंडल्या. आईबाप गेलेली पोरं माकीनं आपल्याकडं ठेवून घेतली आणि त्यातून अनाथाश्रम उभा राहिला. १८८० मध्ये गावकऱ्यांनी मुखियाचं जुनं घर विकत घेतलं. त्याच घरात दरवर्षी पाटीवर पाय देण्याचा कार्यक्रम होई. त्या जागेवर १८९५ पासून वीटवीट जमवून त्यांनी चर्च बांधायला घेतलं. ते १९१४ मध्ये उभं राहिलं.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तो या उराकामीवर. चर्च स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होतं. आत काही माणसं पापनिवेदनासाठी आली होती. ती आणि पाद्री जागच्या जागी गेले. उराकामीतल्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार मेले. क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर ताकाशी नागाई तेव्हा रुग्णालयात होते. त्यांची पत्नी मिदोरी उराकामीच्या शेवटच्या चोकाताच्या वंशातली. घराच्या राखेत तिची हाडं सापडली आणि तिथंच जपमाळ. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी ढिगाऱ्यातून चर्चची एक घंटा अखंड निघाली. तिकाटणं उभारून ती लोकांनी वाजवली.

नोव्हेंबरमधल्या स्मरणसभेत नागाईंनी म्हटलं होतं, की उराकामी हा युद्ध थांबावं म्हणून देवाला दिलेला बळी आहे. ज्यांचं सगळं गेलं होतं अशा कित्येकांना त्या शब्दांनी आधार दिला. पुढं काहींनी त्यावर टीकाही केली, की माणसानं केलेल्या पापाला देवाची योजना म्हणू नका. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ मध्ये हिरोशिमात आले आणि युद्ध हे माणसाचंच कृत्य आहे असं बजावून गेले. माझं मत मी लपवत नाही. बॉम्ब देवानं टाकला नाही. पण राखेत बसलेल्या माणसानं शेजाऱ्याला जगवण्यासाठी जो शब्द हाताशी आला तो दिला, त्याचा हिशेब मी दुरून मागणार नाही.

चर्चला दोन मनोरे होते, दोन घंटा होत्या. एक वाचली, दुसरी फुटली. दुसऱ्या मनोऱ्यात ८० वर्षं घंटा नव्हती. अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी अकरा वाजून दोन मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. बॉम्ब टाकणाऱ्या देशातून घंटा आली आणि उराकामीनं ती घेतली.

टाळेबंदी उठल्यावर मी वसईला गेलो. मित्र मला गास गावच्या चर्चमध्ये घेऊन गेले, ते गोन्सालो गार्सियाच्या नावाचं आहे. दुपारची वेळ होती. एक म्हातारी एकटीच बाकावर बसून आपल्या बोलीत पुटपुटत जपमाळ ओढत होती. मला पाहून तिनं थोडं सरकून जागा दिली. मी बसलो. तिचे शब्द मला सगळे कळले नाहीत. पण त्या वर्षीच्या तरावीहमध्ये मी दोनदा अडलो होतो आणि दोन्ही वेळा मागून अम्मीचा आवाज आला होता, तो मला तिथं आठवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)